चौदा तास नुसतं बसायचं

मुलीनं फोनवर सगळं नीट समजावून सांगितलं. विमान सकाळी इथून उडणार, समुद्र ओलांडणार, तीन-चार देशांच्या डोक्यावरून जाणार आणि चौदा तासांनी तिच्या शहरात उतरणार. अंतर साडेबारा हजार किलोमीटर. मध्ये कुठे बदलायचं नाही, सामान उचलायचं नाही, कुणाला रस्ता विचारायचा नाही.

"मग मी काय करायचं?" बापानं विचारलं.

"काही नाही, बाबा. बसायचं."

"बसून?"

"नुसतं बसायचं."

"चौदा तास?"

"येताना बाराच लागतात. येताना वारा मागून असतो."

"येतानाचं येताना बघू," तो म्हणाला. आता पुढे काहीतरी कारण येणार हे मुलीला माहीत होतं. मागच्या वेळी पासपोर्टचं कारण होतं, त्याच्या आधी गुडघ्याचं.

"बाबा, या वेळी सरळ सांगा. मी तीन आठवड्यांची रजा मागितली आहे. उद्या रात्रीपर्यंत तुमचं तिकीट निघालं नाही तर ती रजा दुसऱ्या कुणाला देतील. मग पुढच्या वर्षीपर्यंत काही नाही. आई गेली तेव्हा चार दिवस आले होते, त्यानंतर मी तुम्हाला डोळ्यांनी पाहिलेलं नाही."

"उद्या सांगतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवून त्यानं खुर्चीच्या पाठीत सात-आठ खिळे गरज नसताना ठोकले.

त्याचा धंदा सोफे-खुर्च्यांना गाद्या बसवायचा. लहानपणापासून हातात हातोडी, म्हणून ठोक्या हे नाव पडलं, आणि साठी उलटली तरी ते निघालं नव्हतं. या कामात बारीक खिळे तोंडात धरावे लागतात. एका हातानं रेक्झिन ताणायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे ठेवणार कुठे? जिभेनं एकेक खिळा ओठांवर आणायचा आणि ठोकायचा. त्यामुळे आयुष्यभर ठोक्याचं तोंड कामात गुंतलेलं. घरात बोलायचं खातं बायकोकडे होतं आणि तिनं ते दणक्यात चालवलं. दीड वर्षापूर्वी ती गेली आणि खातं रिकामं पडलं. ठोक्यानं ते हातात घेतलं नाही. फक्त तोंडातले खिळे वाढवले.

आणखी एक झालं. तो बसेनासा झाला. जेवायचं ते ओट्यापाशी उभं राहून, चहा दारात उभं राहून. झोप आली की सरळ आडवा व्हायचा, मधला टप्पा गाळून. सगळ्या गावाच्या बुडाखाली गादी घालणारा माणूस स्वतः कुठे टेकायला तयार नव्हता.

"तुला विमानाची भीती नाही," त्याची थोरली बहीण म्हणाली. "तुला बुडाची भीती आहे."

या बहिणीला सगळे अक्का म्हणत. ती दुकानाच्या वरच्या खोलीत राहायची आणि जिन्यातून सगळं ऐकायची. भावाचा फोन संपायच्या आत ती खाली आलेली असे.

"चौदा तास म्हणजे काय खायचं काम आहे?" ठोक्या म्हणाला. तोंडात खिळे असल्यामुळे ते "चौवा वास" असं ऐकू आलं, पण अक्काला सवय होती.

दुकानात तिसरं माणूस होतं ते म्हणजे कंडक्टर. निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत त्याचं नाव तेच राहिलं. तो रोज सकाळी यायचा आणि गिऱ्हाइकाच्या तयार सोफ्यावर बसून राहायचा. विचारलं तर म्हणायचा, मी माल तपासतोय.

"साडेबारा हजार किलोमीटर आणि मध्ये एकही थांबा नाही?" कंडक्टर म्हणाला. "मग उत्पन्न कसं निघतं त्यांचं? आम्ही चाळीस किलोमीटरमध्ये अठरा थांबे घ्यायचो."

"ते आकाशातून जातं," अक्का म्हणाली. "तिथे कोण हात दाखवणार?"

"आणि जाताना चौदा, येताना बारा, हे कसं काय? रस्ता तोच ना?"

"सोपं आहे. पोरगी आपल्यापेक्षा उंचावर राहते. जाताना चढ, येताना उतार. मी लग्नातच म्हटलं होतं, पोरीनं मोठ्या ठिकाणी दिलंन स्वतःला."

"वारा असतो, अक्का," ठोक्या म्हणाला.

"वाऱ्यानं दोन तासांचा फरक पडतो? मग माझे वाळत घातलेले कपडे शेजारणीकडे पोचायला अर्धं मिनिट लागतं ते बरोबर आहे." अक्कानं विषय मिटवला आणि कमरेवर हात ठेवले. हात कमरेवर गेले म्हणजे तिनं काहीतरी ठरवलेलं असायचं. "उद्या रविवार. दुकान बंद. सकाळी सहाला बसायचं, रात्री आठला उठायचं. इथेच. जमलं तर पोरीला हो सांग. नाही जमलं तर नाही सांग, आणि मग परत तिच्यासाठी उसासे टाकायचे नाहीत."

"आणि विमान?"

अक्कानं कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे एका बसमालकाची तीन जणांची सीट नवीन फोम घालायला येऊन पडली होती. तिला एक पट्टासुद्धा होता.

दुसऱ्या दिवशी सहाला तिघंही हजर झाले. चौथा इस्त्रीवाला. समोरच्या टपरीत इस्त्री करायचा, आणि त्याला सुट्टी एवढ्या एकाच दिवसाची. अक्कानं त्याला झोपेतून उठवून आणलं होतं, कारण विमानात शेजारी अनोळखी माणूस असतो.

"पण काका मला ओळखतात," इस्त्रीवाला जांभई देत म्हणाला.

"ओळख दाखवायची नाही. तू परका आहेस."

इस्त्रीवाल्यानं काम मनावर घेतलं. तो ठोक्याकडे वळून म्हणाला, "नमस्कार. आपण कोण? मी आपल्याला आयुष्यात पाहिलेलं नाही. परवा आपल्या शर्टाची बाही जाळली तो मी नाही."

"बाही जाळलीस?" ठोक्या म्हणाला.

"अनोळखी माणसाला असं काय विचारता?"

मग झडती झाली. मुलीनं सांगितलं होतं की विमानात टोकदार काही नेता येत नाही. अक्कानं भावाच्या खिशातून कात्री काढली, दाभण काढलं, हातोडी काढली, दोऱ्याची रीळ काढली, टेप काढली. मग म्हणाली, "आ कर."

"काय?"

"आ कर म्हणते ना."

त्यानं तोंड उघडलं. उजव्या गालात नऊ खिळे निघाले. अक्कानं बशी पुढे धरली आणि त्यानं ते एकेक करून बशीत टाकले. रिकाम्या तोंडानं तो इतका वेगळा दिसायला लागला की कंडक्टर म्हणाला, "अरे, याला ओठ आहेत."

तो खिडकीकडच्या जागेवर बसला. खिडकी म्हणजे भिंतीवरचं विजेचं मीटर होतं. पट्टा लावला. कंडक्टर जुनी घंटा घेऊन पुढे उभा राहिला, दोन टोले दिले आणि सवयीनं ओरडला, "चला, पुढे सरका, मागे जागा आहे!"

"कोण सरकणार?" अक्का म्हणाली. "तिघांची सीट आहे, दोन बसलेत."

"सांगावं लागतं. नाही सांगितलं तर गाडी सुटल्यासारखी वाटत नाही."

विमान उडालं. पहिला तास ठीक गेला, कारण कंडक्टर आणि अक्का भांडत होते. कंडक्टरला सातला चहाचा थांबा घ्यायचा होता. अक्का म्हणाली, हवेत कसला थांबा. कंडक्टर म्हणाला, मग ड्रायव्हरनं चहा प्यायचाच नाही का, तो माणूस नाही का. शेवटी विमान न थांबवता चहा झाला आणि कंडक्टरनं दुखावल्यासारखं करत दोन कप घेतले.

नऊच्या सुमाराला एक बाई दाराशी आली. तिला दिवाणाची गादी दाखवायची होती. ठोक्या उठायला लागला तसा पट्टा पोटात रुतला.

"ते सध्या हवेत आहेत," कंडक्टर बाईला म्हणाला. "रात्री आठला उतरतील."

बाईनं आत वाकून पाहिलं. सीटवर पट्टा बांधलेला सोफेवाला आणि त्याच्या शेजारी डोळे ताणून जागा राहिलेला इस्त्रीवाला. "बरं," ती म्हणाली. "उतरले की पाठवा. आणि तू रे, माझ्या साड्या कधी देणार?"

"मी तुम्हाला ओळखत नाही, बाई," इस्त्रीवाला म्हणाला.

त्यानंतर शांतता झाली. अक्का वर स्वयंपाकाला गेली. कंडक्टर तयार सोफ्यावर कलंडला, त्याच्या म्हणण्याप्रमाणे विमान आता आपोआप चालत होतं. ठोक्यानं मीटरकडे पाहिलं. मीटरची चकती फिरत होती. त्यानं छताकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं. हात मांडीवर ठेवले. हात तिथे राहिले नाहीत. डावा हात सीटच्या कडेला गेला आणि शिवण चाचपू लागला. शिवण ढिली होती. कुणीतरी घाईत, लांब टाके घालून काम उरकलं होतं. त्याच्या अंगठ्याला ते सहन होईना.

साडेदहाला अक्का उकडलेली अंडी आणि पाव घेऊन खाली आली आणि जिन्यातच किंचाळली.

"अरे मेल्या, विमान उसवलंस!"

तीनपैकी दीड सीट उघडी पडली होती. ठोक्याच्या मांडीवर जुना काथ्या, पायाशी फोमचे तुकडे, मांडीखाली दोन स्प्रिंगा, आणि इस्त्रीवाला एका बाजूला खचलेला, पण तक्रार न करता.

"तू का नाही अडवलंस?" अक्कानं त्याला विचारलं.

"परका माणूस कसा बोलणार?"

कंडक्टर दचकून जागा झाला आणि त्यानं एक टोला दिला. एक टोला म्हणजे गाडी थांबवा.

"थांबवू नका!" अक्का ओरडली. "आणि तुला, ठोक्या, काही कळतं का? खऱ्या विमानात असं केलंस तर उतरल्यावर पोरीच्या आधी पोलीस भेटतील. काय सांगणार त्यांना?"

"आतला काथ्या कुजला होता, अक्का."

"असू दे कुजका! दुसऱ्याचं विमान आहे!"

ठोक्या खाली मान घालून म्हणाला, "मला नाही जमायचं. मी पोरीला नाही म्हणून सांगतो." आणि पट्टा सोडायला लागला.

अक्का एरवी इथे दोन शिव्या घालून वर निघून गेली असती. पण ती गेली नाही. तिनं कपाटावरचा टॉवेल घेतला, भावाचे दोन्ही हात मांडीवर एकत्र ठेवले आणि लहान मुलाचे बांधावेत तसे टॉवेलानं गुंडाळून गाठ मारली. "जेवायच्या वेळी सोडीन," ती म्हणाली. "तोवर बस."

आता हातही गेले. तोंडात खिळे नाहीत, हातात काम नाही, कमरेला पट्टा. असा तो शेवटचा बसला होता तो हॉस्पिटलच्या बाकावर. लोखंडी बाक होता, वर पातळ फोम, एका बाजूनं फाटलेला. आत बायको होती आणि बाहेर त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. डॉक्टर येऊन सांगेपर्यंत तो त्या फाटक्या फोमकडे बघत राहिला होता. त्या दिवसानंतर बसलं की तो बाकच खाली येतो, असं त्याला वाटे. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड मोकळं नव्हतं.

बराच वेळ गेला. मग तो इस्त्रीवाल्याकडे न बघता म्हणाला, "ती असती तर तिनं हे विमान विकलं असतं."

"कोण?" इस्त्रीवाला म्हणाला. आणि मग आपण परके आहोत हे आठवून नीट विचारलं, "आपल्या कुटुंबाबद्दल बोलताय का?"

"बायको माझी. सोफेवाल्याची बायको, आणि घरात सोफा कधी टिकला नाही. मी घरासाठी म्हणून एक बनवायचो, चांगला, सागवानी चौकट, आत खरा काथ्या. आठ दिवसांत गिऱ्हाईक घरी यायचं, बसायचं, म्हणायचं छान आहे. की हिनं विकला! गिऱ्हाईक उठायच्या आत किंमत ठरलेली. एकदा तर सोफ्यावर आमची आई बसली होती."

"आई बसलेली असताना?"

"आई बसलेली असताना. हमाल आले. ही आईला म्हणाली, 'सासूबाई, जरा पाय वर घ्या.' आईनं पाय वर घेतले. तिला वाटलं केर काढतायत."

इस्त्रीवाला खो खो हसला. अक्कानं जिन्यातून सांगितलं, "खोटं! दारापर्यंत नेली होती तिला, तेव्हा तिच्या लक्षात आलं!"

"दारापर्यंत," ठोक्यानं मान्य केलं. "मग आई म्हणाली, 'आता आणलंतच आहे तर मंडईपर्यंत सोडा.'"

कंडक्टर सोफ्यावरून उठून जवळच्या स्टुलावर आला. अक्का जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. आणि ठोक्या बोलायला लागला. सुरुवातीला वाक्य अर्धं राहायचं, जीभ खिळा शोधत गालात जायची आणि रिकामी परत यायची. मग ते थांबलं. ती गिऱ्हाइकाशी कशी भांडायची ते त्यानं सांगितलं. भांडून झाल्यावर त्याच गिऱ्हाइकाला जेवायला कशी थांबवायची, आणि जेवता जेवता त्याच्या पोरीचं लग्न कसं जुळवून टाकायची. तिच्या घोरण्याबद्दल सांगितलं. घोरते हे तिनं कधी कबूल केलं नाही. एका रात्री स्वतःच्या घोरण्यानं जागी झाली आणि त्यालाच ओरडली. शेवटच्या महिन्यात ती हळू आवाजात बोलायची, तेव्हा ऐकू यावं म्हणून तो तोंडातले खिळे काढून तिच्या उशाशी उभा राहायचा, हेही त्यानं सांगितलं. तेव्हा कुणी हसलं नाही. कंडक्टरनं उगाच घंटा पुसली.

जेवायला अक्कानं टॉवेल सोडला. तो परत बांधायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. हात आता बोलण्यात गुंतले होते, सोफा केवढा, हमाल किती जाडा, हे दाखवत. संध्याकाळी, तिनं घरचा पलंग विकल्याची गोष्ट रंगात असताना, इस्त्रीवाल्याच्या बायकोचा फोन आला. "हवेत आहे," तो कुजबुजला. "नाही, प्यायलेलो नाही. नंतर सांगतो, इथे पलंग जायला निघालाय."

बाहेर दिवे लागले. दाराशी गादीवाली बाई परत आली, कारण तिला आठ म्हणून सांगितलं होतं आणि आता साडेआठ झाले होते. "उतरले का?" तिनं विचारलं.

कंडक्टरनं घड्याळ पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्याकडून एकही थांबा चुकला नव्हता. "अहो, पुढे गेलो आपण!" तो ओरडला. "शहर मागे राहिलं!" आणि तो घंटेकडे धावला.

"टोला देऊ नका," इस्त्रीवाला म्हणाला. "पलंगाचं पुरं होऊ दे. दोन चकरा मारा वरच्या वर."

"पेट्रोल तुझा बाप देणार?"

एवढ्यात फोन वाजला. मुलगी होती. अक्कानं तो भावाच्या कानाला लावला, पण आवाज सगळ्यांनाच ऐकू येत होता.

"बाबा, काय ठरलं? मी आता तिकिटाच्या पानावरच बसले आहे."

ठोक्यानं कमरेचा पट्टा चाचपला. अक्काचे हात कमरेवर गेले आणि तिथेच थांबले.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "शेजारी जो बसतो, त्याच्याशी बोललं तर चालतं का?"

"तुम्ही? बोलणार?"

"चालतं का ते सांग."

"चालतं, बाबा. त्याला आवडलं नाही तरी जाणार कुठे? पट्टा बांधलेला असतो."

"त्याला आपली भाषा येत नसली तर?"

"मग हातानं सांगा. आईनं नाही का त्या परदेशी साहेबाला खुर्ची विकली होती?"

"दोन खुर्च्या," ठोक्या म्हणाला. "एक त्याला नको होती." मग त्यानं श्वास घेतला. "काढ तिकीट."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "खिडकीचं काढते," मुलगी घाईघाईनं म्हणाली. "बाहेर बघता येईल तुम्हाला."

"खिडकीचं नको. मधलं काढ."

"मधलं? बाबा, मधलं कुणी मागून घेत नाही."

"दोन्ही बाजूंना माणूस पाहिजे. चौदा तास आहेत. एक झोपला तर दुसरा तरी असावा."

"काढते," ती म्हणाली. "मधलं काढते." आणि ती हसायला लागली, रडता रडता, अगदी आईसारखी मोठ्यानं, की अक्कानं फोन कानापासून लांब धरला.

फोन बंद झाला. गादीवाली बाई स्टूल ओढून बसली होती. कंडक्टर घंटा हातात घेऊन ताटकळत उभा होता. ठोक्यानं पट्टा सोडला नाही.

"मग?" इस्त्रीवाला म्हणाला. "पलंग नेला त्यांनी. गादीसकट. पुढे?"

"पुढे काय? लग्नाला जेमतेम महिना झालेला. आम्ही दोघं जमिनीवर चटई टाकून पडलो. मला राग आलेला, पण तोंडात खिळे. ही छताकडे बघत म्हणाली, 'बरं झालं बाई, जमिनीला चाकं नाहीत. नाहीतर तीही विकून बसले असते.'"